क्लोस्ट्रिडिएलिस की युबॅक्टेरिएलिस: प्रबंधात कोणता गण लिहायचा?

ठाणे खाडीच्या चिखलातल्या विनॉक्सी (ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या) जीवाणूंवर एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्यांना वनखात्याची परवानगी मिळवण्याइतकाच छळणारा प्रश्न पुढे येतो: क्लोस्ट्रिडियम या जीवाणूचा गण (ऑर्डर, म्हणजे कुलाच्या वरची पायरी) कोणता?

पर्याय दोन आहेत. पहिला जुना, ऐसपैस गण. बर्जीच्या, म्हणजे जीवाणूंच्या वर्गीकरणाच्या प्रमाण ग्रंथाच्या, 2009 च्या खंडात क्लोस्ट्रिडिएलिसखाली लॅक्नोस्पिरेसी, रुमिनोकॉकेसी, पेप्टोस्ट्रेप्टोकॉकेसी अशी बरीच कुलं एकत्र नांदतात. पण क्लोस्ट्रिडिएलिस हे नाव 1953 चं आणि युबॅक्टेरिएलिस 1917 चं. नामकरणाच्या नियमांत जुन्याचा हक्क आधी. म्हणून एनसीबीआयने (अमेरिकेतलं जैवमाहितीचं सरकारी केंद्र) याच ऐसपैस गणाला युबॅक्टेरिएलिस म्हणायला सुरुवात केली.

दुसरा पर्याय जीटीडीबीचा, म्हणजे जीनोमवरून वर्गीकरण करणाऱ्या माहितीसाठ्याचा. 120 प्रथिनांच्या अनुक्रमांवरून वंशवृक्ष काढायचा, फांद्या किती जुन्या ते मोजायचं आणि त्यानुसार गण पाडायचे. त्यात ऐसपैस गण फुटतो: लॅक्नोस्पिरेलिस, ऑसिलोस्पिरेलिस, पेप्टोस्ट्रेप्टोकॉकेलिस वेगळे होतात. धनुर्वाताचा क्लोस्ट्रिडियम टेटॅनी क्लोस्ट्रिडिएलिसमध्येच राहतो.

खरा घोळ इथे आहे. जीटीडीबीतही युबॅक्टेरिएलिस आहे, पण युबॅक्टेरियम लिमोसमच्या गोतावळ्यापुरता. सातबारावर तेच नाव, जमीन मात्र वेगळी! दोन्हीकडची टक्केवारी एकाच तक्त्यात घातलीत, तर तुलना बाद.

शिवाय 16एस (जीवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकाचे) अनुक्रम सिल्व्हा या संदर्भसाठ्याच्या 138 व्या आवृत्तीवर चालवले असतील, तर निवड तुमच्या नकळत झालेली असते, कारण त्या आवृत्तीची जीवाणूंची मांडणी जीटीडीबीच्या धर्तीवर आहे. माझं मत सरळ आहे: चिखल, शेण, बायोगॅस अशा मिश्र समूहांसाठी जीटीडीबीची चौकट घ्या आणि आवृत्तीचा क्रमांक लिहा. 2009 च्या आसपासच्या निबंधांशी तुलना करायची असेल, तर गण सोडून कुलाच्या पातळीवर करा. तिथेही व्हेइलोनेलेसी तपासा. ते 2010 मध्ये नेगॅटिव्हिक्यूटीस या वेगळ्या वर्गात गेलं.

रुग्णालयातल्या नमुन्यांवर काम असेल, तर गणाची चिंता सोडा. डॉक्टर प्रजाती (जीनस) आणि जाती (स्पीशीज) वाचतात. क्लोस्ट्रिडियम डिफिसिलचं 2016 मध्ये क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल झालं, तेव्हा वॉर्डातलं 'सी. डिफ' हे लघुनाव टिकेल याची काळजी घेतली होती. त्याआधी सुचवलेल्या पेप्टोक्लोस्ट्रिडियमने ते गेलं असतं. अहवालात नवं नाव लिहा, पहिल्या उल्लेखाला जुनं कंसात द्या.