शाळेच्या ताटात अंडं की केळं?

महाराष्ट्रात 2023 च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं. न खाणाऱ्या मुलांना केळं. काही धार्मिक संघटनांनी विरोध केला. जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यासाठीचा निधीच थांबवला, हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले.

केळं सोलायला सोपं, वादाचं नाही. पण त्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. अंड्यात सहा, शिवाय बी-12 जीवनसत्त्व. डाळ पातळ करता येते, अंड्यात पाणी घालता येत नाही! तमिळनाडूत 2010 पासून मुलांना शाळेच्या पाचही दिवशी अंडं मिळतं.

ज्याला नको त्याला केळं जरूर द्या. पण गरीब पाड्यावरच्या शाळेने वर्गणी मागायची कुणाकडे?