मुरमांसाठी सॅलिसिलिक ॲसिड की बेंझॉइल पेरॉक्साइड?

मुरूम कोणत्या प्रकारचे आहेत ते आधी आरशात नीट बघा. काळी-पांढरी टोकं आणि बंद छिद्रं असतील तर २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड घ्या. ते तेलात विरघळतं, त्यामुळे छिद्रात शिरून साचलेला मळ सैल करतं. लाल, दुखरे, पू धरलेले मुरूम असतील तर मात्र बेंझॉइल पेरॉक्साइडच सरस, कारण ते जंतू मारतं. सुरुवात २.५ टक्क्यांनी करा. १० टक्क्यांनी फायदा फारसा वाढत नाही, जळजळ आणि सालपटं मात्र वाढतात. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर वाटाण्याएवढं जेल मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ पसरा, आधी एक दिवसाआड. उशीचे अभ्रे पांढरेच ठेवा, बेंझॉइल पेरॉक्साइडने रंगीत कापडाचा रंग उडून डाग पडतात.

दोन्ही एकदम सुरू करू नका. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात.

डोळ्यांजवळ दोन्ही नकोतच. पापणीची त्वचा फार पातळ असते आणि जेल पसरत तिथवर पोचतं, म्हणून आधी डोळ्यांभोवती पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. तिथले कडक पांढरे दाणे बहुधा मुरूम नसतातच. ते टोचू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडून काढून घ्या.