जुना वाइड बेल्ट सँडर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. दारं, शटर आणि टेबलटॉप करणाऱ्या वर्कशॉपला जुना वाइड बेल्ट सँडर (सँडपेपरच्या रुंद फिरत्या पट्ट्याने लाकूड घासून सपाट करणारं मशीन) परवडतो, फक्त तो ज्या भावात उचलला त्या भावात पडत नाही. आमचा इटालियन आहे, एका हेडचा (म्हणजे एकाच बेल्टचा), बेल्ट ११०० बाय १९०० मिमी, मोटर २० एचपी. बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यातून आणला. बिडाचा सांगाडा ठणठणीत होता. गेलं होतं ते सगळं रबर: ड्रमवरचं (बेल्ट ज्यावर फिरतो तो रूळ), लाकूड पुढे नेणाऱ्या कन्व्हेअरचं आणि हवेच्या नळ्यांचं. रंगरंगोटी बघून असलं मशीन घेऊ नये. ड्रमच्या रबरात नख रुततं का, ते बघावं.

जोडणीत जीव खाल्ला तो टेबल उचलणाऱ्या चार स्क्रूंनी. चारही एकाच साखळीवर. साखळी एक दात पुढेमागे बसली की टेबलाचा कोपरा वर. डायल गेजने (बारीक फरक मोजणाऱ्या घड्याळाने) टेबल ड्रमशी समांतर केलं, मग एमडीएफच्या दोन पट्ट्या डाव्या-उजव्या कडेने एकदम सोडल्या. जाडीतला फरक ०.१ मिमीच्या आत आला तेव्हाच झाकण लावलं.

तरी सागवानावर आडव्या रेघा उमटायच्या. मिस्त्रींचा संशय बेअरिंगवर. बेअरिंग उपसण्याआधी रेघांमधलं अंतर मोजलं. बेल्ट सेकंदाला १८ मीटर धावतो आणि फीड, म्हणजे लाकूड पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला ६ मीटर आहे, म्हणजे बेल्टच्या एका फेऱ्यात लाकूड साधारण साडेदहा मिमी सरकतं. रेघा तेवढ्या अंतरावर असत्या, तर दोष बेल्टच्या जोडाचा. आमच्या साडेतीन मिमीवर होत्या, आणि २०० मिमी व्यासाच्या ड्रमच्या एका फेऱ्यात लाकूड नेमकं तेवढंच सरकतं. नवं रबर चढवून आणलेला ड्रम गोलच नव्हता! पुन्हा ग्राइंडिंगला पाठवला, रेघा गेल्या. बेअरिंग अजून तीच आहेत.

आता रोजचं. ८० नंबरच्या खरखरीत बेल्टने एका पासमध्ये ०.३ मिमीपेक्षा जास्त घेत नाही, १५० च्या बारीक बेल्टने ०.१. सागवान तेलकट, बेल्ट लवकर भरतो आणि भरलेला बेल्ट लाकूड जाळतो. पावसाळ्यात कागदी बेल्ट कडेने वळतात, म्हणून ते जाड पाइपवर टांगून बंद खोलीत ठेवतो. कॉम्प्रेसरचं पाणी रोज सकाळी सोडावंच लागतं. बेल्टला डावीउजवीकडे हलवणारा सिलिंडर ओल्या हवेने अडकला, की बेल्ट कडेच्या लिमिट स्विचवर आदळून मशीन बंद. बेल्टची कड बघणाऱ्या फोटो-आयवर (प्रकाशाच्या सेन्सरवर) भुसा बसला तरी तेच.

धूळ ओढणाऱ्या पंख्यात मात्र काटकसर नको. आम्ही आधी जवळचा लहान ब्लोअर जोडला होता. भुसा बेल्टखालीच फिरायचा आणि पॉलिशनंतर ओरखडे दिसायचे. मोठा ब्लोअर आणि नवं डक्टिंग यांचा खर्च मशीनच्या किमतीच्या जवळपास गेला. वीजबिलही वाढलं आहे, त्यामुळे दोन-चार दारांसाठी मशीन चालू करत नाही. माल साठला की एकदम काढतो. किरकोळ कामाला हातातलं ऑर्बिटल सँडर आहेच.