भात कापणीचं मशीन तासाच्या भाड्यानं घेतलं, त्याचा रिव्ह्यू

बेळगावकडच्या येळ्ळूर-शहापूर शिवारातले बरेच जण विचारतायत म्हणून लिहितोय, यंदा आमचं भात एका भाड्यानं अवजारं देणाऱ्या सेंटरकडनं कापून घेतलं.

काम एक नंबर. आमची जमीन बळ्ळारी नाल्याकडची, कापणीच्या टायमाला पण खाली ओल असते आणि टायरचं मशीन रुतून बसतं, ह्यांनी आधी शेत बघून चेनचंच (टायरऐवजी रणगाड्यासारखे पट्टे असलेलं) पाठवलं. भात साफ, सांड कमी. मधेच बेल्ट तुटला तर त्यांचाच माणूस गाडीवरनं नवीन घेऊन आला, आणि तो वेळ बिलात धरला नाही!! मला सगळ्यात पटलं ते हेच. असलं मशीन विकत घ्यायचं तर वीस लाखाच्या पुढं, आणि शोरूमवाल्याला एकदा पैसे पोचले की बेल्ट तुटणं हे आपलं दुखणं, इथं मशीन बंद पडलं की त्यांचीच कमाई बंद, म्हणून ते स्वतःच तेलपाणी, ब्लेड सगळं बघून पाठवतात. विमानाच्या इंजिनांचं पण असंच चालतंय, जेवढे तास उडलं तेवढे पैसे आणि देखभाल कंपनीची, 1962 ला ब्रिस्टल सिडली कंपनीनं हे सुरू केलं, ती पुढं रोल्स रॉइसमध्ये गेली. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानाचे पार्ट बनवणाऱ्या आपल्या पोरांना विचारा, सांगतील.

पण तासाच्या हिशोबात एक गोची आहे. डायवर जेवढा सावकाश चालवेल तेवढं बिल वाढतं, आणि आपल्याकडं वावरं बारकी, वळवण्यातच निम्मा वेळ जातो. म्हणून बांधाला बांध असलेल्यांनी मिळून एकाच दिवशी बोलवा, नाहीतर एकराचा रेट ठरवून घ्या, आणि सुरू करायच्या आधी मशीनच्या तासाच्या मीटरचा फोटो काढा.

दुसरं म्हणजे नंबर. सगळ्यांचं भात एकदमच पिकतं, सेंटरकडं चेनचं मशीन एकच, आम्हाला सांगितलेल्या तारखेनंतर बरंच थांबावं लागलं, तोवर ओल उडाली आणि मसूर पेरायला उशीर झाला. ओलीवरच येणारं पीक ते, हे नुकसान कुठल्या बिलात दिसत नाही पण शेतकऱ्याला चांगलंच लागतं. तारीख चुकली तर भाड्यात काहीतरी सूट द्यायला पाहिजे, मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

ज्यांच्याकडं म्हशी आहेत त्यांनी थोडं भात हातानं कापा, मशीनचं पिंजर (भाताचा पेंढा) तुटकं पडतं, गंजी नीट बसत नाही.

कर्नाटक सरकारची कृषी यंत्र धारे योजना पण आहे, 2014-15 पासून होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) ठिकाणी अवजारं भाड्यानं द्यायची केंद्रं निघालीत, शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी करून दोन्हीकडचे रेट बघा आणि मगच ठरवा.

पाचपैकी साडेतीन स्टार. दुसरं चेनचं मशीन आणलं तर साडेचार देतो.