बगदाद १२५८, दिल्ली १३९८

मंगोल आणि तैमूर यांना आपण सरसकट एकाच रांगेत बसवतो, पण त्यांच्या क्रौर्याची जात वेगळी होती.

मंगोलांचा हिशेब उघड असे: शरण या, खंडणी द्या, नकार दिलात तर शहर शिल्लक राहणार नाही. फेब्रुवारी १२५८ मध्ये मंगोल सेनानी हुलागूने बगदाद घेतलं, खलिफा मुस्तसीमला मारलं आणि अब्बासी घराण्याची पाचशे वर्षांची खिलाफत तिथेच संपवली. पण मंगोल परत गेले नाहीत, इराणवर त्यांनी पुढे पाऊणशे वर्षं राज्य केलं.

तैमूर भारतात राहायला आलाच नव्हता. डिसेंबर १३९८ मध्ये दिल्लीबाहेर लढाईआधी त्याने हजारो कैदी कापले. बखरकार एक लाख म्हणतात. आकडा फुगवलेला असेल, तरी निःशस्त्र माणसांची ती कत्तल होती. मग खंडणी ठरवून शहराला अभय दिलं, चकमकीचं निमित्त झालं आणि तेच शहर अनेक दिवस लुटलं. पाथरवट आपल्या राजधानीत, समरकंदला नेले, तिथल्या मशिदीसाठी. पंधरवड्यात तो परत फिरला.

मला तैमूर अधिक भयंकर वाटतो. त्याच्या अभयालाही किंमत नव्हती.