बाटलीतले 'बॅक्टेरिया' आणि आठवड्यात मेलेले मासे

मत्स्यालयाच्या दुकानात टाकी, फिल्टर, खडी, सहा मासे आणि वर 'बॅक्टेरिया'ची एक छोटी बाटली, सगळं एकाच दिवशी. "ही ओता आणि लगेच मासे सोडा." नव्या ग्राहकाला गंडवण्याचा हा ठरलेला डाव आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं. मासे वर येऊन तोंडाने हवा घेतात, कल्ले लालभडक होतात, मग रोज एखादा मेलेला सापडतो. दुकानात गेलं की "पाण्यात इन्फेक्शन आहे" म्हणून निळं औषध मिळतं. पुढच्या खेपेला अँटिबायोटिक, मग पाणी स्वच्छ करणारं रसायन, शेवटी "स्पंज खराब झालाय, नवा लावा". मासे मरतच राहतात, कारण बहुतेक वेळा इथे रोग नसतोच, अमोनिया असतो.

अमोनिया माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजलेल्या खाद्यातून येतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ते स्पंजला आणि खडीला चिकटून फार हळू वाढतात. नव्या टाकीत पुरेसे व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. अँटिबायोटिक आणि मिथिलीन ब्लू (ते निळं औषध) यांचा फटका याच जिवाणूंना बसतो, आणि स्पंज फेकला की उरलेसुरलेही जातात. म्हणजे पैसे घेऊन दिलेला प्रत्येक उपाय दुखणं लांबवतो.

बाटल्या सरसकट खोट्या नसतात. पण त्यांत असायला हवेत ते हे जिवाणू बीजाणू (प्रतिकूल काळात टिकणारं सुप्त रूप) धरत नाहीत, त्यामुळे मुदत उलटलेल्या किंवा उन्हात तापलेल्या बाटलीत ते मेलेले असण्याची शक्यता मोठी. काही बाटल्यांत बॅसिलस नावाचे वेगळेच जिवाणू असतात. ते बीजाणूरूपात खूप टिकतात, गाळ कुजवतात, पण अमोनियाचं नायट्रेट करण्याचं काम त्यांच्यावर सोपवता येत नाही. लेबलवर नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पिरा ही नावं आणि मुदतीची तारीख नसेल तर बाटली परत ठेवा.

बाटली खरी की खोटी हे घरी कळतं. दोन बादल्यांत 10-10 लिटर क्लोरीन काढलेलं पाणी घ्या, दोन्हीत नवा स्पंज आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) ठेवा, तापमान 25 ते 28 अंश. 6.3 ग्रॅम अमोनियम क्लोराइड 1 लिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं 10 मिली प्रत्येक बादलीत घाला. अमोनिया सुमारे 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम) होतो. एकाच बादलीत बाटलीतला डोस टाका. रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा. चांगल्या बाटलीच्या बादलीत अमोनिया आधी उतरू लागतो आणि नायट्राइट दिसतं. दहा दिवसांनीही दोन्ही बादल्या सारख्याच असतील, तर बाटलीत कामाचं काही नव्हतं.

दुसरी चलाखी फुकट तपासणीची. पट्टी बुडवून "पाणी एकदम ओके" सांगतात. बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो. थेंबांचं किट वापरून अमोनियाचा आकडा मागा, सोबत पीएचही. 25 अंशांवर पीएच 7 असताना एकूण अमोनियातला जेमतेम 0.6 टक्के विषारी रूपात असतो, पीएच 8 ला 5 टक्क्यांच्या वर. अशा टाकीत पीएच वाढवणारी पावडर विकणं हा निव्वळ अडाणीपणा किंवा लबाडी.

मासे धापा टाकत असतील तर औषध नको. खाद्य बंद, हवा जोरात, आणि निम्मं पाणी बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं. अमोनिया 0.5 पीपीएमच्या वर असेल तोवर हे रोज करा. पाणीपुरवठ्यात क्लोरामिन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर थायोसल्फेटचं साधं अँटिक्लोरीन क्लोरीन काढतं, पण अमोनिया मागे ठेवतं. अमोनिया बांधून ठेवणारं अँटिक्लोरीन घ्या. नायट्राइट चढलं असेल तर 10 लिटरला 1 ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला, त्यातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटला अडवतं.

मासे मेल्यावर "पाणी तुमचंच खराब" हे उत्तर ठरलेलं असतं. म्हणून पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, थंड ठेवून त्याच दिवशी न्या, आणि तपासणीचा आकडा बिलावर लिहून मागा. एक प्रश्न खरेदीआधीच विचारावा: "चालू टाकीतला जुना, ओला स्पंज द्याल का?" निरोगी टाकीतला असा स्पंज कुठल्याही बाटलीपेक्षा भरवशाचा, फक्त त्या टाकीतले मासे आधी नीट पाहून घ्या.