भरडा काढायचा की गोळी आणायची?

ब्रॉयलर कोंबड्यांना घरी दळून-मिसळलेलं पिठाळ खाद्य, म्हणजे भरडा घालायचा, की कारखान्यात दाबून केलेली तयार गोळी, हा प्रश्न आहे. कंपनीशी करार करून पक्षी वाढवणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. कंपनीची गाडी जे खाद्य उतरवते तेच त्यांनी घालायचं असतं. प्रश्न आमच्यासारख्यांचा आहे, जे पिल्लू स्वतःच्या पैशाने आणतात आणि तयार पक्षी स्वतःच्या जोखमीवर विकतात. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या विटा-कडेगाव पट्ट्यात ओळखीच्या दोघांनी यंदा नवीन शेड घातलं आणि दोघांनीही एकच विचारलं: दळायला-मिसळायला मिल-मिक्सर घेऊ, की तयार गोळीवर राहू?

मी दोन्ही करून बसलोय. अडीच हजार पक्ष्यांचं शेड, पहिली तीन वर्षं घरचा भरडा, नंतर गोळी. त्यामुळे सांगतो ते एका शेडचं समजा, शास्त्र म्हणून नको.

भरड्याचं पहिलं सुख म्हणजे मका डोळ्यासमोर असतो. हातात घेऊन बघता येतो, दाताखाली फोडून ओल कळते, वास घेता येतो. गोळीत काय दळलंय ते दळणाऱ्यालाच ठाऊक. पण हे सुख सांभाळावं लागतं. दिवाळीच्या आगेमागे नवा मका स्वस्त मिळतो म्हणून मी एकदा चार टन भरला. ओल चौदा टक्क्यांच्या वर असणार, मी मोजली नव्हती. महिन्याभरात पोत्याच्या मधोमध हिरवट बुरशी. त्या बॅचला पक्षी मोठे झालेच नाहीत, आणि कापलेल्या पक्ष्यांची काळजं पिवळट, ठिसूळ निघाली. अफ्लाटॉक्सिन म्हणतात ते बुरशीचं विष हेच. हे विष जगाला कळलं तेही कोंबडीच्या भाऊबंदामुळे: १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखभर पिल्लं मेली, आणि माग काढत गेल्यावर दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडला. आमचे जुने लोक अजून ‘शेंगपेंड घाल, पक्षी धरतोय’ म्हणतात, तेव्हा मला ही गोष्ट आठवते आणि मी विषय बदलतो.

दुसरं, भाव. मका घरचा असेल तर भरडा स्वस्त पडतो, यात वाद नाही. पेंडीच्या बाबतीत मात्र दोघेही एकाच बोटीत. २०२१च्या पावसाळ्यात सोया पेंड किलोला शंभरीच्या आसपास गेली होती आणि ऑगस्टमध्ये केंद्राला बारा लाख टन जनुकबदल सोया पेंड बाहेरून आणायची परवानगी द्यावी लागली. तेव्हा भरडावाले आणि गोळीवाले सारखेच रडले. घरात सोयाबीन आहे म्हणून ते तसंच दळून घालायचा विचार करत असाल तर थांबा. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन अडवणारा घटक असतो, पक्ष्याला त्यातली प्रथिनं पचत नाहीत. ते नीट तापवलेलंच हवं.

आता फॉर्म्युल्याचं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ साली ब्रॉयलरला पहिले तीन आठवडे २३ टक्के प्रथिनं, पुढचे तीन आठवडे २० टक्के, असं सांगून ठेवलंय. आपल्याकडचे फॉर्म्युलेही त्याच्याच आसपास फिरतात. मका, सोया पेंड, तेल, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर), लायसिन आणि मिथिओनिन ही अमिनो आम्लं, प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण), बाइंडर (बुरशीचं विष बांधून ठेवणारा). हे सगळं घरच्या मिक्सरलाही जमतं. मला जमलं होतं. अडचण कागदावर नव्हतीच.

अडचण भांड्यात होती. भरडा घातला की पक्षी आधी मक्याची कणी वेचतो. पोह्यातले शेंगदाणे वेचून खाणाऱ्या पोरासारखं. तळाला राहते ती भुकटी, आणि लायसिन, जीवनसत्त्वं, जे काही महाग घातलंय ते त्या भुकटीतच असतं. दांडगे पक्षी कणी खाऊन जातात, मागून येणाऱ्या दुबळ्यांना पीठ मिळतं. बॅच उठवताना दोन किलोचा पक्षी आणि बाराशे ग्रॅमचा पक्षी एकाच क्रेटमध्ये.

हेही मी चालवून घेतलं असतं. चालवून घेता आलं नाही ते पाणी.

भरडा खाल्लेल्या पक्ष्याच्या चोचीला पीठ चिकटतं. तो घासभर खातो, लगेच बेल ड्रिंकरवर (घंटेसारखं टांगलेलं, कडेला उघडं पाणी असणारं भांडं) जातो, चोच बुडवतो, पीठ पाण्यात. अडीच हजार चोचींचा हिशेब करा. सकाळी सहाला धुतलेलं ड्रिंकर नऊला पांढरट, उन्हाळ्यात अकराला आंबूस वास. कडेला लगदा साचतो, पाणी सांडतं, खालचं तूस भिजतं, भिजलेल्या तुसाचा अमोनिया डोळ्यांना झोंबतो, आणि त्याच ओलीत कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा रोग) सुरू होतो. दिवसातून चार वेळा तीस-बत्तीस ड्रिंकर धुणं हे माझं आणि आईचं काम होतं. एका एप्रिलात ती ड्रिंकर उचलून माझ्यासमोर धरून म्हणाली, “पिल्लांना पाणी पाजतोयस का आंबील?” मी पुढच्या बॅचला गोळी आणली.

गोळीवर आल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. पक्षी खातो आणि बसतो. आधी वाटलं आजारी आहेत. पण हे फार जुनं निरीक्षण आहे: १९६२ साली जेन्सन नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घड्याळ लावून बघितलं होतं. बारा तासांतला सुमारे १४ टक्के वेळ पिल्लं भरडा खाण्यात घालवत होती, गोळी असली की ५ टक्क्यांच्याही आत. वाचलेली धावपळ अंगाला लागते. आणि गोळीच्या प्रत्येक घासात सगळं एकत्रच असतं, वेचायला जागा नाही.

पैशात सांगतो. माझ्या वहीप्रमाणे भरड्यावर एफसीआर, म्हणजे एक किलो वजनाला लागणारं खाद्य, १.८५ किलोच्या पुढेमागे, गोळीवर १.६८. भरडा किलोला ३६ आणि गोळी ४० धरली, तर दोन किलोच्या पक्ष्याला भरडा लागतो १३३ रुपयांचा, गोळी १३४ रुपयांची. म्हणजे कागदावर भरडा अजून रुपया-सव्वा रुपयाने पुढेच. अडीच हजारांच्या बॅचला तीन हजार. पण पक्षी चार दिवस आधी निघतो, आणि त्या तीन हजारांत आईची ती बत्तीस ड्रिंकर कुठेच लिहिलेली नाहीत. तुमचा मका घरचा असेल तर आकडे बदलतील, ते तुम्ही बघा.

गोळीलाही खोड आहे. पोत्याच्या तळाला चुरा निघतो, लांबून आलेल्या मालात जास्त. मी आता पहिलं पोतं चाळणीवर ओतून बघितल्याशिवाय उरलेली उतरवू देत नाही. एका डीलरने यावरून उधारी बंद केली, चालायचंच. शिवाय बारीक दळलेल्या गोळीवर पक्ष्याचा पेठा (गिझार्ड, दाणे दळणारं पोट) लहान राहतो. जाड कणीला घासून घासून तो जसा दणकट होतो तसा होत नाही. आणि थंडीत फार झपाट्याने वाढलेल्या पक्ष्याच्या पोटात पाणी होतं. डिसेंबर-जानेवारीच्या बॅचला मरतुक मला भरड्यावर कमी दिसली होती, हे कबूल करतो. त्या दिवसांत मी रात्री चार-पाच तास भांडी वर उचलून ठेवतो, तेवढ्यावर भागतं असं वाटतं.

कॉन्सन्ट्रेट (मका सोडून बाकी सगळं असलेलं तयार मिश्रण) आणून नुसता मका मिसळायचा, हा मधला मार्ग अनेक जण सुचवतात. फॉर्म्युल्याची डोकेदुखी जाते, पण शेवटी तो भरडाच, म्हणजे ड्रिंकर तीच.

निपल लाइन घालायची ऐपत असेल तर माझी निम्मी तक्रार गळून पडते. पाणी बंद नळीत, चोच बुडवायला जागाच नाही. तसं असेल आणि घरचा मकाही असेल, तर भरड्याला नाही म्हणायला माझ्याकडे फार काही उरत नाही, वेचून खाण्याचं सोडून. अंड्यावरच्या कोंबड्यांना किंवा गावरान पक्ष्यांना तर भरडाच बरा, त्यांना वाढायची घाई नसते. पण बेल ड्रिंकर, विकतचा मका आणि घरचीच दोन माणसं, असं असेल तर पहिल्या बॅचपासून गोळी घ्या. दोन आठवडे क्रंबल (गोळी फोडून केलेला बारीक चुरा), मग गोळी. मिलचे पैसे शेडच्या पडद्यांना लावा.

माझी मिल अजून आहे. तिच्यावर आता म्हशींचा भरडा निघतो. परवा त्या दोघांपैकी एकाने विचारलं, विकणार का. म्हटलं, देईन, पण आधी आईला विचार.